ट्रेलरच्या छतावरचं व्हेंट: कव्हर कोणतं घ्यावं, कसं बसवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजेंद्र नगरातल्या एका जोडप्याकडे सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, आहे, इंदूरमध्येच बांधून घेतलेला. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. छतावर १४ इंची दोन व्हेंट, म्हणजे हवेसाठीची झाकणाची झरोके, आहेत. बाथरूमवर साधं झाकणाचं, पलंगावर १२ व्होल्टच्या पंख्याचं. गेल्या जुलैत महेश्वरला मुक्काम असताना रात्री पलंगावर पाणी टपकलं, आणि झाकण बंद करून झोपावं तर आत जीव घुसमटला. आता पावसाआधी दोन्ही व्हेंटवर कव्हर घालायचं आहे. कोणतं घ्यावं, घरी बसवता येईल का, आणि ओळखीचा मिस्त्री म्हणतो तसं सिलिकॉनने चिकटवलं तर चालेल का?

सिलिकॉन नको. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण मिस्त्री उद्या सकाळी सिलिकॉनची गन घेऊन दारात उभा राहील आणि हे वाचून व्हायच्या आत काम उरकून जाईल. बाकीचं सावकाश सांगतो.

सांवेर रोडवर माझं गाड्यांच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, खाण्याच्या गाड्या, आणि अलीकडे कॅराव्हॅन. तुमच्या प्रश्नात मला हवी होती ती एक गोष्ट नेमकी राहून गेली आहे. त्या रात्री पलंगावर पाणी पडलं तेव्हा झाकण उघडं होतं की बंद?

उघडं असेल तर पाणी भोकातून आलं, त्याला कव्हर हाच इलाज. पण झाकण बंद असतानाही टपकलं असेल, तर पाणी फ्लँजखालून शिरलं आहे. फ्लँज म्हणजे व्हेंटच्या चौकटीची ती सपाट कड, जी पत्र्यावर टेकते आणि जिच्यातून स्क्रू जातात. कव्हर हे छत्रीसारखं वरून उभं असतं, त्याच्या खालून छतावरचं वाहतं पाणी बिनदिक्कत त्या सांध्यापर्यंत जातं. म्हणजे पैसे खर्च करून कव्हर लावलंत तरी गादी भिजणारच, आणि आता सांधा झाकला गेल्यामुळे तो वरून दिसणारही नाही. माझ्याकडे 'कव्हर लावून द्या' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना आधी सांधा उकलून नव्याने बसवायची गरज होती.

तेव्हा आधी परीक्षा घ्या. दोन्ही झाकणं घट्ट बंद करा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने शिडीवरून पाइपने पाणी सोडायचं. जोराची धार नको, नुसतं वाहतं पाणी. सुरुवात उताराच्या खालच्या बाजूने करायची आणि हळूहळू वर सरकायचं. एका जागी दहा मिनिटं. घाई केलीत आणि सगळं छत एकदम भिजवलंत तर कुठून आलं ते कधीच कळणार नाही. पाण्याची खोड अशी की ते शिरतं एकीकडे, पाइपच्या कडेकडेने चालत जातं आणि दोन-तीन फुटांवर टपकतं. मुक्कामाला ट्रेलर थोडा पुढे कलता असेल तर एका बाजूला, मागे कलता असेल तर दुसऱ्याच. म्हणून सीलिंगवर डाग दिसतो तिथेच गळतं असं धरून चालू नका.

आमच्याकडे याहून खात्रीची एक पद्धत आहे, ती घरीही जमते. सगळ्या खिडक्या-दारं बंद करायची, एका खिडकीत पुठ्ठा कापून त्यात एक्झॉस्ट पंखा किंवा ब्लोअर असा बसवायचा की हवा आत ढकलली जाईल, फटी चिकटपट्टीने बुजवायच्या. मग छतावरच्या प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे भोक. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. पाणी शिरायला जिथे वाट आहे तिथून हवा बाहेर पडतेच.

सांध्यातून गळत असेल तर व्हेंट पूर्ण काढावं लागेल. वरून काहीतरी फासून भागत नाही. मिस्त्री म्हणेल, 'अरे भिया, ऊपर से मार देते हैं, बूँद नहीं आएगी।' पहिल्या पावसात खरंच येत नाही. कारण कळण्यासाठी थोडं गणित बघा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेचा पत्रा आणि मेच्या दुपारचा पत्रा यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने सोळा फूट ॲल्युमिनियम साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांबतं. खालचं लोखंड त्याच्या जेमतेम निम्मं. म्हणजे छत रोज थोडं ताणलं जातं, थोडं आक्रसतं, आणि वर रस्त्याचे हादरे. वरून फासलेला पातळ थर कडेने सुटतो, पापुद्र्याखाली धूळ जाते, धुळीतून पाणी. आणि सिलिकॉनची खरी पंचाईत पुढची आहे. ते खरवडून काढलं तरी पत्र्यावर एक तेलकट पापुद्रा मागे ठेवतं. त्यावर मग ना दुसरं सीलंट धरतं, ना रंग. शिवाय बाजारातल्या स्वस्त ट्यूबमधलं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. उघड्या लोखंडाला आणि जस्ताच्या पत्र्याला ते खातं. बाथरूमच्या टाइल्सना ठीक, गाडीच्या छताला नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका कॅराव्हॅनवर मी स्वतः कव्हरचे ब्रॅकेट थेट छताच्या पत्र्यावर ठोकले होते. दोन कव्हर, प्रत्येकी चार ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन सेल्फ-टॅपिंग स्क्रू. म्हणजे धडधाकट छताला मी माझ्या हाताने सोळा नवीन भोकं पाडली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सिलिकॉनचा ठिपका ठेवला. फार नेटकं दिसत होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी परत आली, सीलिंग मधोमध लोंबत होतं. उघडलं तर आतलं प्लाय नीट भाजलेल्या घडीच्या पोळीसारखं पदर पदर सुटून हातात आलं. ते छत मी पदरच्या पैशाने बदलून दिलं. तेव्हापासून नियम एकच: कव्हरसाठी छताला एकही नवीन भोक नाही. ब्रॅकेट बसतात ते व्हेंटच्या उभ्या गळ्यावर. त्याकडे पुढे येतोच.

सांधा बसवायची रीत अशी. जुना माल प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढायचा, लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात. मग जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची. फ्लँजखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी), इंचभर रुंद आणि निदान तीन मिलिमीटर जाड, चारही बाजूंनी सलग. टोकं एकमेकांवर चढली पाहिजेत आणि तो जोड उताराच्या वरच्या बाजूला येऊ द्यायचा नाही. स्क्रू स्टेनलेसचे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, चाकाचे नट आवळतो तसे. टेप चहूकडून सारखी बाहेर डोकावली की थांबायचं. दुसऱ्या दिवशी ऊन खाल्ल्यावर टेप मऊ होऊन बसते, तेव्हा परत अर्धा फेर. बाहेर आलेली टेप कापायची, आणि मग फ्लँजच्या कडेवर व स्क्रूच्या डोक्यांवर एमएस पॉलिमर किंवा पॉलीयुरेथेनचं, सुकल्यावरही रबरासारखं ताणणारं सीलंट. पाणी अडवायचं खरं काम खालची टेप करते. वरचं सीलंट टेपला ऊन लागू नये म्हणून.

(अमेरिकेतून आलेला ट्रेलर असेल तर त्याचं छत बहुधा ईपीडीएम किंवा टीपीओ या रबरी पडद्याचं असतं. त्यावर थिनर, पेट्रोल, केरोसीन यांचं बोटही लावू नका, रबर फुगतं. तिथे वरून आपोआप सपाट पसरणारं लॅप सीलंट लागतं. तुमचं छत पत्र्याचं, त्यामुळे तुम्हाला ती काळजी नाही.)

वेळेबद्दल एक गोष्ट. ही सीलंट हवेतल्या ओलाव्यावर सुकतात. मेमधली आपली कोरडी हवा त्यांना मानवत नाही, ती सावकाश सुकतात आणि आतला माल बराच काळ कच्चा राहतो. तापलेल्या पत्र्यावर लावलं तर खाली फुगेही येतात. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर लावा आणि पुढे तीन-चार दिवस गाडी हलवू नका. जूनच्या मध्यापर्यंत थांबलात तर आकाश तुमच्यासाठी थांबणार नाही. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची ख्याती जमिनीपुरती ठीक आहे.

आता कव्हर. पहिलं माप. १४ इंची व्हेंट हे अमेरिकन माप, भोक १४ ते सव्वाचौदा इंचांचं. युरोपातल्या कॅराव्हॅनला ४०० बाय ४०० मिलिमीटरचं असतं, आणि लहान व्हेंट २८० बाय २८० चं. ऑनलाइन मागवताना दोन्ही सरमिसळ दिसतात, म्हणून आतून दिसणारी प्लास्टिकची शोभेची चौकट उतरवून छताच्या भोकाचं माप टेपने घ्या. सुतार चौकटीचं घेतो तसं, तीन ठिकाणी.

बाथरूमच्या साध्या झाकणाला साधं कव्हर पुरे. तीन बाजू बंद, एका बाजूला तिरप्या पट्ट्या, आतून बारीक जाळी. पलंगावरच्या पंख्याला तेच घेऊ नका. मोठे पंखे पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे ९०० घनफूट हवा ओढतात असं त्यांच्या कंपन्या सांगतात. तुमच्या अख्ख्या ट्रेलरमध्ये साधारण सातशे-सव्वासातशे घनफूट हवा असेल. ती सगळी हवा जर एका अरुंद जाळीतून बाहेर काढायची म्हटली तर पंखा नुसता घोंघावतो. पंख्यासाठीचं कव्हर वेगळं मिळतं, आकाराने मोठं, पट्ट्या एकाहून अधिक बाजूंना आणि झाकण पूर्ण उघडलं तरी आत जागा राहील असं. झाकण पूर्ण उघडून त्याची उंची मोजा, मगच मागवा. आणि पंखा चालू असताना लांबची एखादी खिडकी दोन बोटं तरी उघडी हवीच. गॅसची शेगडी पेटलेली असताना तर नक्की, नाहीतर पंखा कुठल्याही फटीतून हवा ओढतो, जळालेला वायूसुद्धा आत फिरवतो.

काही पंख्यांना वर स्वतःचंच पावसाळी छप्पर असतं. नवा पंखा घेणार असाल तर तोच घ्या, कव्हरचा प्रश्नच मिटतो. पावसाचा थेंब ओळखून आपोआप झाकण मिटणारेही आहेत. मला त्यांचं कौतुक कमी, कारण पाऊस आला की ते बंद, आणि तुम्हाला हवा हवी असते नेमकी तेव्हाच.

फ्रिज जर कॉम्प्रेसरऐवजी गॅसच्या ज्योतीवर चालणारा (ॲब्झॉर्प्शन प्रकारचा) असेल, तर त्याचं छतावरचं तोंड ही चिमणी आहे. तिच्यावर हे कव्हर चुकूनही घालू नका.

माल कोणता? बहुतेक तयार कव्हर पॉलीइथिलीनची असतात. स्वस्त, लवचिक, फांदी लागली तर दबून परत वर येतात. पण 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' असं लिहिलेलं नसेल तर हात लावू नका, आपल्या दोन-तीन उन्हाळ्यांत नखाने चुरा होतो. काळ्या प्लास्टिकमधला कार्बन ब्लॅक हा उन्हावरचा उत्तम उपाय, म्हणून काळं कव्हर जास्त टिकतं. पांढऱ्यातून मात्र छान दुधी उजेड येतो. बाथरूमवर पांढरं, पलंगावर धुरकट किंवा काळं असं मी सुचवेन, पहाटे साडेपाचला तोंडावर उजेड नको असेल तर. पॉलीकार्बोनेट मजबूत, पण थिनरच्या बोळ्याने पुसलं की तडे जातात. ॲक्रिलिक विसरा. ते दिसतं काचेसारखं आणि वागतंही काचेसारखं.

इथल्या एखाद्या एफआरपीवाल्याकडून (फायबरग्लासचं काम करणाऱ्याकडून) साचा करून घेता येईल का, असंही तुम्ही विचाराल. येईल, आणि चांगलं होईल, वर जेलकोटचा गुळगुळीत संरक्षक थर असेल तर. दोन-अडीच किलोचं होतं, पण फुटलं तर दुरुस्त होतं, आणि वानरांना पुरून उरतं. हसू नका. मांडू आणि ओंकारेश्वर तुमच्या यादीत असणारच. झाडावरून ट्रेलरच्या छतावर उडी मारणाऱ्या वानराला व्हेंटचं कव्हर ही बसायला केलेली चौकीच वाटते. पातळ झाकण एका उडीत आत जातं. मजबूत कव्हर त्या दृष्टीनेही वसूल होतं.

उंचीचं भान ठेवा. कव्हर छतापासून नऊ-दहा इंच वर येतं. रेल्वेच्या अंडरपासला लावलेला लोखंडी अडसर आणि तुमच्या पोर्चचा स्लॅब, दोन्हींची मापं आधी घ्या. नवी उंची चिकटपट्टीवर लिहून गाडीच्या डॅशबोर्डला लावा.

बसवायचं काम घरी होतं, दोघं असाल तर दोन तासांत. आधी छतावर फळी टाका, ती सांगाड्याच्या पाइपांवर टेकेल अशी, आणि फळीवरच बसा. पत्र्यावर गुडघा टेकलात तर खड्डा पडेल. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते शिडी लावायच्या आधी बघा.

व्हेंटचा उभा गळा, ज्याच्यावर झाकण मिटतं, त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना प्रत्येकी दोन एल-ब्रॅकेट येतात. बिजागरीची बाजू सोडायची. ब्रॅकेट धरून झाकण उघडझाप करून बघा, अडतंय का. कव्हर वर ठेवून पातळी बघा. मगच पेन्सिलने खुणा. जुन्या गळ्याचं प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग पाच, ड्रिल हळू. ड्रिलला पाऊण इंचावर टेप गुंडाळा, नाहीतर ते आतल्या जाळीत किंवा पंख्याच्या पात्यात घुसतं. बोल्ट स्टेनलेसचे, डोकं आतून आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा) बाहेरून, म्हणजे आतली जाळी काढता-घालता येते. लोखंडी चुरा पडला असेल तर चुंबकाने वेचा. पहिल्या पावसात तो छतावर गंजाचे डाग सोडतो.

कव्हर ब्रॅकेटवर बसवताना बोल्ट पाचचा असेल तर कव्हरचं भोक आठचं ठेवा, वर रुंद वायसर, मध्ये रबर. कारण तेच गणित. पॉलीइथिलीन ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट पसरतं, अर्ध्या मीटरला चार मिलिमीटरच्या आसपास. जागा दिली नाही तर भोकापासून तडा सुरू होतो. नट हाताने घट्ट, वर पान्याचा पाव फेर.

दिशा! कव्हरच्या पट्ट्या गाडीच्या मागच्या बाजूला, बंद पाठ पुढे. एकदा आमच्या मुलाने घाईत उलटं बसवलं आणि मानपूरच्या घाटात समोरून आलेल्या पावसाने आतली गादी अशी भिजवली की गिऱ्हाइकाला वाटलं छतच उडालं. झाकणाची बिजागरीही पुढच्या बाजूलाच हवी. चुकून झाकण उघडं राहिलं तर वारा ते मिटवायला बघेल, उघडायला नाही. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणारी हवा १४ इंची उभ्या झाकणावर पावणेचार किलोच्या आसपास जोर देते, १०० ला सहा किलो. समोरून भरधाव ट्रक गेला की त्याचा झटका वेगळा. कव्हर असेल तर चालत्या गाडीतही झाकण उघडं ठेवता येतं, मला तरी त्याचा मोठा फायदा वाटतो. उन्हात गाडी ओढत नेताना आत भट्टी होत नाही. कच्च्या रस्त्यावर मात्र मिटा, नाहीतर भांड्यांवर माती बसेल.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासा. दरवर्षी मेमध्ये कव्हर उघडून आतली कडुनिंबाची पानं काढा, जाळी साबणाने धुवा. गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते, म्हणून आधी टॉर्च मारून बघा, मग हात घाला.

दोन्हींपैकी बाथरूमचं आधी करा. हात बसेल, आणि काही चुकलंच तर खाली गादी नाही.